चालताना ठणठणीत, थांबताच मुकी

जळगावहून सकाळी निघालेली एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडते, पाळधी, एरंडोल, पारोळा मागे टाकते आणि सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता एकदाही न अडखळता कापते. धुळ्यात शिरेपर्यंत मालकाला तिचे कौतुकच वाटत असते. मग पाच कंदीलच्या गर्दीत समोर हातगाडी आडवी येते, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो, इंजिन दोन-तीनदा थरथरते आणि बंद पडते. किल्ली फिरवली की सुरू होते. पाय काढला की पुन्हा बंद. मागून रिक्षांचे भोंगे वाजू लागतात. मागच्या आसनावरची वडीलधारी मंडळी काही बोलत नाहीत. पुढे बसलेला तरुण मुलगा मात्र म्हणतो, की आता ही गाडी काढून टाकावी.

खानदेशातील अनेक व्यापारी घरांना हा प्रसंग नवा नाही. पेढीवर नवी गाडी आली तरी वडिलांची पद्मिनी किंवा घरातली पहिली मारुती ८०० अंगणात जपून ठेवलेली असते. सणावाराला, लग्नकार्याला, साधुसाध्वींच्या दर्शनाला जाताना ती बाहेर निघते. ती ठेवण्याचा खर्च आता लहान राहिलेला नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. मोटारीसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर गेले. पर्यावरण कर वेगळाच. अशा वेळी गाडी गर्दीत बंद पडू लागली, की दुरुस्तीच्या एक-दोन बिलांनंतर भंगाराचा भाव विचारला जातो. वास्तविक चालताना ठणठणीत असणारी आणि केवळ थांबल्यावर बंद पडणारी गाडी बहुधा अखेरच्या पंथाला लागलेली नसते. तिचा दोष लहान असतो. तो सापडत नाही म्हणून मोठा भासतो.

पद्मिनीशी जैन समाजाचे एक जुने नातेही आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही या देशातच तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी निघाल्या. १९६४ मध्ये आलेल्या फियाट ११०० डिलाइटलाच १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. ते ऐकण्यास वालचंदशेठ मात्र नव्हते, १९५३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हद्दपार झाली. १,०८९ घनसेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरचे इंजिन इतके साधे, की बॉनेट उघडताच बहुतेक सर्व अवयव डोळ्यांसमोर येतात. दोष शोधणाऱ्याला हा साधेपणाच मोठा आधार ठरतो.

थांबलेल्या गाडीत इंजिन का बंद पडते हे कळण्यासाठी ते तेथे कसे चालते हे पाहावे लागते. पाय काढलेला असताना कार्बोरेटरमधील हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या मंद गतीने इंजिन फिरते आणि त्याची सारी मिळकत स्वतःचे घर्षण भागवण्यातच खर्ची पडते. गाठीला काहीच उरत नाही. महामार्गावर एखाद्या सिलिंडरने थोडी कुचराई केली तरी बाकीचे ओढून नेतात. मंद गतीत तेवढी उसनवारी परवडत नाही. भर हंगामात लपून राहिलेली गळती मंदीच्या महिन्यात उघडी पडावी, तसे हे असते. पद्मिनीत एक सिलिंडर निकामी झाला तर चौथा हिस्सा जातो. मारुती ८०० मध्ये सिलिंडर तीनच, म्हणून तेथे तिसरा हिस्सा जातो आणि ती अधिक लवकर हार मानते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट अनेक वाहनमालकांना ठाऊक नसते. मंद गतीसाठी लागणारे पेट्रोल मुख्य वाटेने येतच नाही. त्यासाठी कार्बोरेटरमध्ये वेगळी बारीक वाट असते आणि तिच्या तोंडाशी साधारण अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र असलेला ‘स्लो जेट’ बसवलेला असतो. पाय दाबला की मुख्य जेट काम हाती घेतो. म्हणूनच जळगाव ते धुळे हा सगळा रस्ता मुख्य जेटच्या जिवावर निर्धोक पार पडतो आणि पाच कंदीलला स्लो जेटची पाळी आली की फजिती होते. रस्त्यावरची चाल आणि गर्दीतली मूक अवस्था यांत विसंगती काहीच नाही. उलट तीच पहिली खूण आहे.

दुर्दैवाने ही खूण वाचण्याआधीच स्क्रू-ड्रायव्हर बाहेर निघतो. ‘शेठजी, स्लो थोडा वाढवून देतो’ असे म्हणत मिस्त्री झडपेचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतो, इंजिन मोठ्याने चालू लागते आणि मालक समाधानाने परततो. ही दुरुस्ती नव्हे, दोषावर घातलेले पांघरूण आहे. वाढवलेल्या गतीमुळे पेट्रोल अधिक जाते, पहिला गिअर टाकताना खडखडाट होतो, किल्ली काढल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते. मूळ दोष तसाच असल्याने महिना-दोन महिन्यांत स्क्रू आणखी अर्धा फेरा आत जातो. त्यानंतर सल्ला मिळतो तो अख्खा कार्बोरेटर बदलण्याचा. जुन्या गाडीचा अस्सल कार्बोरेटर आता सहज मिळत नाही. त्याच्या जागी नकली बसवला, की पूर्वीची बिघडलेली चालच बरी होती असे म्हणण्याची वेळ येते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा बंद पडते याची नोंद ठेवली, तर अर्धे काम होते. सकाळी थंड असतानाच बंद पडते, की इंजिन तापल्यावर? दिवे आणि पंखा लावल्यावर? ब्रेक दाबताक्षणी? उन्हात दहा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू केल्यावर? एकदम बंद पडते, की थरथरत हळूहळू? यांपैकी प्रत्येक उत्तर वेगळ्या ठिकाणी नेते. फक्त थंड असताना बंद पडणाऱ्या गाडीत चोकची तार सैल झाली आहे का ते पाहावे. दिवे लावताच बंद पडणारी गाडी बॅटरी आणि चार्जिंगकडे बोट दाखवते. एका झटक्यात, दिवा मालवावा तशी बंद पडणारी गाडी बहुधा विजेच्या वाटेवरील दोष सांगते, आणि थरथरत, धापा टाकत बंद पडणारी गाडी पेट्रोल किंवा हवेचा. रोजमेळ जुळत नाही म्हणून कोणी अख्खी वही नव्याने लिहीत नाही, फरक कोणत्या तारखेपासून पडला ते शोधतो, येथेही तेच.

दुसरी परीक्षा चोकची. इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि ते बंद पडण्याच्या बेतात असताना चोकची कळ थोडी ओढावी. चाल सुधारली, तर इंजिनाला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळत आहे. ती आणखी बिघडली, सायलेन्सरमधून काळा धूर आला, तर पेट्रोलच जास्त होत आहे. मग फ्लोटची पातळी, पेट्रोल रोखणारी सुई आणि धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर यांच्याकडे वळावे. खानदेशच्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ फिल्टरमध्ये किती झपाट्याने साठते, हे येथील वाहनमालकांना वेगळे सांगायला नको. प्लग काढून पाहिले तर हीच साक्ष पुन्हा मिळते: फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे कमी, आणि तेलकट ओले असेल तर तेल वर चढत आहे.

चोक ओढून चाल सुधारली, तर पहिला संशय चोरवाटेने शिरणाऱ्या हवेवर घ्यावा. मंद गतीत इंजिन हवा जोराने खेचत असते. निरोगी इंजिनात व्हॅक्यूम मीटरचा काटा पाऱ्याच्या ४५ ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान स्थिर राहतो. अशा वेळी रबरी नळीला पडलेली केसाएवढी चीरही मिश्रण पातळ करून टाकते. पाय दाबल्यावर मुळात हवाच इतकी येते, की ही चोरटी हवा हिशेबातही धरली जात नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळी, क्रँककेसची वाफ परत नेणारी नळी, जेथे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत आहे तेथे ती जाड नळी, आणि कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग ही सारी ठिकाणे क्रमाने तपासावीत. नळी पक्कडीने हलकेच दाबून धरली आणि इंजिन सावरले, तर चोर सापडला. पॅकिंगच्या कडेला कुंचल्याने साबणाचे पाणी लावले आणि क्षणभर आवाज बदलला, तरी तोच निष्कर्ष. काही जण यासाठी पेट्रोलचा बोळा फिरवतात. तापलेल्या इंजिनावर हा खेळ कोणीही करू नये. ब्रेक दाबताक्षणी इंजिन बंद पडत असेल, तर ब्रेकच्या बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि तेव्हा प्रश्न केवळ गाडी बंद पडण्याचा राहत नाही.

हवेची गळती नसेल तर पाळी स्लो जेटची. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर त्या बारीक छिद्रात बसतो. चातुर्मासात चार महिने झाकून ठेवलेली गाडी दिवाळीला बाहेर काढताच थांबू लागते, त्याचे मूळ बहुधा हेच. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा. तार मात्र घालू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित जरी रुंदावले तरी जेट कायमचा बिघडतो. मारुती ८०० च्या कार्बोरेटरवर किल्ली फिरवताच ‘टक्’ वाजणारी पेट्रोलची विद्युत झडप असते. तिची वायर सुटली किंवा ती जळाली, की स्लो जेटचे पेट्रोल बंद होते आणि गाडी केवळ पाय दाबल्यावरच चालते. एक सुटलेली वायर न पाहता पूर्ण कार्बोरेटर बदलल्याच्या कथा जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात.

गेल्या काही वर्षांत या दोषाला आणखी एक कारण जोडले गेले आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र ९ किलोच पुरते. म्हणजे जुन्या काळच्या पेट्रोलसाठी जुळवलेला कार्बोरेटर नव्या पेट्रोलवर आपोआप थोडा ‘कमी’ पडतो, आणि ही तूट सर्वांत आधी मंद गतीत जाणवते. मिश्रणाचा स्क्रू थोडा बाहेर घेऊन ती बऱ्याच अंशी भरून काढता येते. येथे स्क्रू फिरवणे योग्य, कारण आता तो कारण समजून फिरवला जातो. इथेनॉल जुनी रबरी नळी आणि पॅकिंग फुगवते, वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून जेटपर्यंत आणते आणि पावसाळ्यात हवेतले पाणी शोषून घेते. त्यामुळे जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घेणे आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून न ठेवणे, हा खर्च वायफळ म्हणता येणार नाही.

विजेच्या बाजूचे काम मोजके आहे. पॉइंट झिजून त्यांतील फट आटली, कंडेन्सर दुबळा झाला किंवा टायमिंग मागे गेले, तरी मंद गती डळमळते. पॉइंट साफ करून फट कंपनीच्या मापाची ठेवावी आणि टायमिंग दिव्याने जुळवावे. केवळ कानाने जुळवण्याची हौस काही अनुभवी मिस्त्रींनाच शोभते. कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्यासाठी पॉइंटच्या गाडीत एकेका प्लगची वायर इन्सुलेशनच्या पक्कडीने क्षणभर काढतात. वायर काढूनही इंजिनाची चाल बदलली नाही, तर तोच सिलिंडर आळशी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हा प्रयोग करू नये.

वैशाख-ज्येष्ठात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा एक वेगळाच खेळ होतो. तापलेल्या इंजिनालगतचा पंप आणि नळी यांतील पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला द्रवाऐवजी बुडबुडे मिळतात. अजिंठा चौफुलीला ट्रकच्या रांगेत दहा मिनिटे अडकलेली गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने, काहीच न करता, शहाण्यासारखी सुरू होते. पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या चालकांची युक्ती खरोखर लागू पडते. मात्र जी गाडी पौषातही बंद पडते, तिच्या दोषाला उन्हाळ्याचे नाव देऊन चालणार नाही.

२००० च्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या मारुती ८०० मध्ये कार्बोरेटरच नाही. तेथे हवेच्या झडपेवर साचलेला कार्बन आणि मंद गतीची हवा सांभाळणारी लहान झडप ही नेहमीची ठिकाणे. संगणकाची नोंद वाचणारे यंत्र लावल्याशिवाय स्क्रू शोधत बसणे व्यर्थ. डिझेल जीपमध्ये बहुधा फिल्टर तुंबलेला असतो किंवा नळीतून हवा शिरत असते.

तपासताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. बंद गाळ्यात किंवा गोदामात इंजिन चालू ठेवू नये. मंद गतीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो जीव घेतो. उपरणे, ओढणी, पदर फिरत्या पट्ट्याजवळ नकोत. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर बूस्टर असलेल्या ब्रेकमध्ये एक-दोन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यावी. महामार्गावर वळण घेताना किंवा रेल्वेचे फाटक ओलांडताना बंद पडणाऱ्या गाडीतून दोष सापडेपर्यंत घरच्या माणसांना नेऊ नये. पेट्रोल गाडीची प्रदूषण तपासणीही मंद गतीतच होते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेव्हा दुरुस्तीनंतर लगेच ही तपासणी करून घेतली, तर मिश्रण कितपत जुळले याचा निःपक्ष आकडाही हाती येतो.

एवढे सगळे तपासूनही चाल सुधारली नाही, तर मग इंजिनाच्या पोटात पाहावे लागते. टॅपेटची फट आटली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत; ही फट जुळवण्याचे काम तासाभराचे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि पुरेसे असतील, तर इंजिन धडधाकट आहे आणि राहून गेलेला दोष बाहेरच कुठेतरी आहे. शोध पुन्हा नळ्यांपासून सुरू करावा. एका सिलिंडरचा आकडा फार खाली असेल, तर त्यात थोडे तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग गेले आहे. एका हेडचे काम ही काही अखेर नव्हे. चारही सिलिंडर थकलेले आढळले, तर मात्र पूर्ण इंजिन बांधण्याचा अंदाज, नोंदणीचे शुल्क आणि वर्षाकाठी गाडी किती किलोमीटर चालते ते एका कागदावर मांडावे आणि पुढे बसलेल्या त्या मुलाला समोर बोलवावे. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची खरी वेळ ती.